निळा पडदा

सहामाहीचा उर्दूचा पेपर सकाळी छपाईला द्यायचा आणि रात्री दहाला संगणकाने डोळे फिरवले. चित्र ताणलेलं, नस्तालीक अक्षरं फुगून एकमेकांवर चढलेली. उबंटूवर ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर संध्याकाळी मीच घातला होता, दोष कुणाला देणार?

"अब्बू, पेपर गेला?" लेकीने विचारलं.

पेपर कुठे जातोय! तो हार्डडिस्कवर होता. बिघाड फक्त दाखवण्यात होता.

टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' दिलं. कार्ड दिसलं, पण कोणता ड्रायव्हर वापरात आहे ती ओळच नव्हती. म्हणजे ड्रायव्हर बसवलेला, पण कर्नल त्याला आत घेईना. 'मोकयुटिल'ने सांगितलं, सिक्युअर बूट चालू आहे. अशा वेळी ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल कर्नल दारातच अडवतो.

मग आठवलं. ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला होता आणि रीस्टार्ट होताना निळा पडदा आला होता. मी न वाचताच एंटर दाबलं. वर्गात रोज "प्रश्न नीट वाचा" म्हणून ओरडणारा मीच तो!

'मोकयुटिल'नेच सहीची चावी पुन्हा नोंदवायला दिली, पासवर्ड ठरवला, रीस्टार्ट केलं. निळ्या पडद्यावर या वेळी 'एनरोल मोक' निवडलं, तोच पासवर्ड दिला.

पडदा सरळ झाला. पेपर उघडला तर तिसऱ्या प्रश्नात 'ख़े'च्या जागी 'जीम' पडलेला. फरक एका नुक्त्याच्या जागेचा. संध्याकाळी घाईत टाइप करताना तोही सुटला होता.