साताऱ्याचा राऊटर

गेले दोन्ही वीकेंड साताऱ्यात गेले. कास नाही, सज्जनगड नाही, कंदी पेढेसुद्धा घाईघाईत स्टँडवरून घेतले. कारण एकच, राऊटर. आठवडाभर नेटवर्कचंच काम करणाऱ्या माणसाला आईच्या घरचा राऊटर लावायला दोन वीकेंड लागतात हे हापिसात कळलं तर माझी काही धडगत नाही. पण सांगतो.

तर झालं असं. आई साताऱ्याला एकटी असते. वय ७४. बाबा गेल्यावर पुण्याला ये म्हणून समजावून झालं, भांडून झालं, उपयोग शून्य. शेवटी तह झाला. ती तिथेच राहणार, पण मी दोन कॅमेरे लावणार. एक दारावर आणि एक हॉलमध्ये, कारण मागच्या पावसाळ्यात ती तिथे पाय घसरून पडली आणि तासभर कुणाला पत्ता नव्हता. आईचा हॉल कुठल्या तरी कंपनीच्या क्लाउडवर पाठवायचा नाही हा माझा बाणा, म्हणून कॅमेऱ्यांची चित्रं घरातल्याच एका जुन्या लॅपटॉपवर यायची आणि मी पुण्यातून त्या लॅपटॉपमध्ये शिरायचो. राऊटरवर उघडलेलं पोर्ट एकच, त्या लॅपटॉपचं, आणि त्याला कुलूप व्यवस्थित. कॅमेऱ्यांचा पासवर्ड मात्र कारखान्यातून आला तोच ठेवलेला. आतच तर आहेत, त्यांना कोण बघतंय!

हे वाक्य लक्षात ठेवा.

मग एक दिवस सगळं बंद. नेटवाल्याला फोन केला. "दादा, नेट चालू आहे ना? काकूंचा यूट्यूब चालतोय ना? मग?" राऊटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघितला तर १००.६४ ने सुरू होणारा. तेव्हा काय ते समजलं.

आपले जुने आयपी पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळे मिळून साधारण ४२९ कोटी. जगाच्या मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. तोवर जग चाललं ते १९९४ साली सुचवलेल्या एका तात्पुरत्या तोडग्यावर, नॅटवर. जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. बाहेर एकच घर नंबर, आत बारा बिऱ्हाडं. बाहेरून आलेलं पत्र दिंडी दरवाजाशी थांबणार, आणि आतल्या कुणाचं ते दरवान ठरवणार. आपला राऊटर म्हणजे तो दरवान. पण पत्ते इतके कमी पडले की नेटवाल्यांनी अख्ख्या पेठेला मिळून एकच घर नंबर द्यायला सुरुवात केली. त्यासाठी १००.६४ पासूनचे पत्ते २०१२ साली खास राखून ठेवले गेले. पेठेच्या वेशीवरचा दरवान नेटवाल्याचा, तो माझं थोडंच ऐकणार? "स्टॅटिक आयपी घ्या, महिन्याचे वेगळे पैसे पडतील," एवढंच उत्तर मिळालं.

पण त्याच लाइनवर आयपी व्ही ६ फुकट येत होतं. यात पत्ता १२८ बिटांचा. एका घराला मिळणाऱ्या लहानात लहान तुकड्यातही १८ वर १८ शून्यं इतके पत्ते. वाड्याची भानगडच मिटली, प्रत्येक खोलीला स्वतःचा घर नंबर. आणि भारतात हे काही नवलाईचं राहिलेलं नाही. मोबाइल कंपन्यांच्या कृपेने आपला निम्म्याहून कितीतरी जास्त ट्रॅफिक आज यावरूनच जातो.

जुन्या राऊटरला व्ही ६ माहीतच नव्हतं. म्हणून पहिल्या शनिवारी राजवाड्याजवळच्या एका दुकानातून नवा उचलला. डब्यावर "आयपी व्ही ६ रेडी" लिहिलेलं. दुकानदार म्हणाला, "सर, सहा अँटेना आहेत." अँटेना बघून राऊटर घेणाऱ्यांना हसणारा मी, त्या दिवशी घेतला. नेटवाल्याच्या फायबरच्या डब्यामागे तो जोडला. व्ही ६ च्या पानावर तीन-चार पर्याय होते. एक चालेना, दुसरा चालेना, "पासथ्रू" निवडलं आणि फटकन सगळ्यांना पत्ते मिळाले. लॅपटॉपला, फोनला, कॅमेऱ्यांना. सगळे वहीत लिहून घेतले आणि रविवारी संध्याकाळची एसटी पकडली.

रात्री पुण्यात जेवताना बायकोला ऐटीत लॅपटॉप उघडून दाखवला. तीही याच धंद्यातली. तिने विचारलं, "पोर्ट कुठलं उघडलंस?"

"काहीच नाही उघडलं. गरजच पडली नाही."

हे बोललो आणि माझा घास तसाच राहिला. वही काढली, मोबाइलच्या नेटवरून हॉलच्या कॅमेऱ्याचाच पत्ता टाकला. लॅपटॉप नाही, सरळ कॅमेरा. अॅडमिन, अॅडमिन. समोर हॉल. आई टीव्हीसमोर बसून वेणी घालत होती.

पासथ्रू म्हणजे काय तर दरवानाला सुट्टी. राऊटर व्ही ६ ची पाकिटं न बघताच आत सोडत होता आणि फायबरचा डबाही काही अडवत नव्हता. इतकी वर्षं नॅट पत्त्यांची काटकसर करता करता सुरक्षेचं कामही फुकटात करत होतं आणि आम्ही ते गृहीत धरलं होतं. १८ वर १८ शून्यांमधून एक कॅमेरा चाचपडत शोधणं अशक्य, हे खरं. पण कॅमेरा गप्प कुठे बसतो? वेळ विचारायला, कंपनीच्या सर्व्हरला हजेरी द्यायला तो स्वतःच बाहेर जातो आणि प्रत्येक ठिकाणी आपला पत्ता ठेवून येतो.

साडेदहाला आईला फोन. एवढ्या रात्री फोन म्हणजे ती घाबरलीच. "दोन्ही कॅमेऱ्यांच्या पिना काढ," म्हटलं. काढल्या. मग म्हणाली, "कुणी बघत होतं का रे?"

"नाही गं." मग राहवलं नाही. "म्हणजे, माहीत नाही." कॅमेऱ्यात कोण येऊन गेलं याची नोंदच राहत नव्हती.

ती नुसतं "बरं" म्हणाली.

दुसऱ्या खेपेला अभ्यास करून गेलो. या वेळी अँटेना मोजल्या नाहीत. बघितलं ते एवढंच की व्ही ६ साठी खरोखरची फायरवॉल आहे का, आणि ती मुळातच बंद दार ठेवते का. शिवाय नेटवाल्याकडून पत्त्यांचा अख्खा पट्टा मागून घेऊन घरात वाटता येतो का, आणि दोन वर्षांनी अपडेट मिळणार का. या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक डबे आडवे पडतात. म्हणून ओपनडब्ल्यूआरटी चालेल असा, १२८ एमबी रॅमचा साधासा राऊटर शोधला. नेटवाल्याच्या पोऱ्याने फायबरचा डबा ब्रिज मोडला टाकून दिला. "पण दादा, आता काही बिघडलं तर आम्हाला फोन नको हां." मान्य. नेटवाल्याने /५६ चा पट्टा दिला, म्हणजे २५६ वेगळी नेटवर्कं. पैकी एक कॅमेऱ्यांना, ज्यांना आता बाहेर जायची परवानगीच नाही. पासवर्ड बदलले, सांगायला नकोच.

दुधाने तोंड पोळलेला मी, म्हटलं बाहेरून येणारं आयसीएमपीही बंद करून टाकू. पिंगबिंग नकोच. अर्धा तास छान चाललं आणि मग व्ही ६ मेलं. जुन्या आयपीत ही सवय खपून जायची, पण व्ही ६ मध्ये शेजारी कोण, बाहेरचा रस्ता कुठला हे सगळं त्या आयसीएमपीवरूनच कळतं. ओपनडब्ल्यूआरटीने मुळात नियम बरोबर दिले होते, शहाणपणा माझा. ते परत जसेच्या तसे ठेवले आणि भर फक्त एकाची घातली, वायरगार्डचं एक पोर्ट, तेही राऊटरपुरतं. वायरगार्ड अनोळखी माणसाला उत्तरच देत नाही. वीज जाऊन आली की पट्टा बदलतो, म्हणून राऊटर आपलं नाव नव्या पत्त्यावर स्वतःच नोंदवतो. मोबाइलवरून मस्त चालतं. हापिसच्या वायफायवरून चालत नाही, कारण तिथे अजून व्ही ६ नाही. नेटवर्कची कंपनी आमची! असो.

सगळं झाल्यावर रविवारी दुपारी आईला समजावून सांगितलं. वाडा, दरवान सगळं. तिचं लहानपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलेलं, त्यामुळे तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं.

"म्हणजे तू दरवान काढलास आणि दाराला कडी लावली नाहीस."

"हो."

"आता लावलीस?"

"हो. मोबाइलवरून तपासली पण."

"मग दारावरचा लाव. हॉलमधला नको."

मी पडण्याचा विषय काढला. ती म्हणाली की सकाळ-संध्याकाळ फोन करीन, नाही आला तर शेजारच्या काकूंना सांग. तासभर वाद घातला, हरलो. हॉलमधला कॅमेरा आता टीव्हीखालच्या खणात, जुन्या रिमोटांशेजारी पडला आहे. दारावरच्याचं चित्र तिने स्वतःच्या फोनवरही मागून घेतलं. दूधवाला नक्की किती वाजता येतो ते तिला बघायचंय.