सूचना घरी पोहोचते तेव्हा

शाळेच्या आवारात ज्याचे वाचन सर्वांत अधिक होते आणि ज्याच्या कर्त्याचे नाव कोणीही विचारीत नाही, असे वाङ्मय एकच : सूचनाफलकावरील सूचना. कविता आवडली तर वाचावी, कादंबरी सवडीने वाचावी. सूचना मात्र वाचावीच लागते. फलकापुढे जी रेटारेटी होते, ती ग्रंथालयाच्या खिडकीपाशी मी कधी पाहिली नाही. तिची भाषाही वर्षानुवर्षे ठरलेली. ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की,’ हा तिचा मंगलाचरणाचा चरण. कोण कळवितो ते कळत नाही. परंतु त्या ‘की’च्या पुढे कोठे ‘सुट्टी’ हा शब्द आहे किंवा काय, हे शोधीत शेकडो डोळे त्या कागदावरून फिरत असतात.

फलकाची धाकटी बहीण म्हणजे सूचनावही. तास ऐन रंगात आलेला असतो, आणि शिपाईमामा ती जाड पुठ्ठ्याची वही घेऊन दाराशी उभे राहतात. गुरुजी खडू खाली ठेवतात, चष्मा सावरतात आणि वाचू लागतात. शनिवारी शाळा सकाळची भरेल. शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे अर्ज मंगळवारपर्यंत द्यावेत. मैदानावर एक कंपासपेटी सापडली आहे. सहलीचे पैसे वर्गशिक्षकांकडे जमा करावेत. आणि मग आवाज जरा खाली आणून, सहावीतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे निधन झाले आहे. अर्ध्या मिनिटात हर्ष आणि शोक एकाच शाईने लिहिलेले वाचून होतात, गुरुजी खाली सही करतात आणि वही पुढच्या वर्गात जाते.

मला वाटते, चारशे मुलांची शाळा होते ती या वहीमुळे. भिंती आणि बाके तर कचेरीतही असतात. एका गणवेशातील मुले एकमेकांना अनोळखी असू शकतात. परंतु ज्यांना एकच बातमी एकाच दिवशी कळली, जी एकाच सहलीची वाट पाहू लागली आणि एकाच्या दुःखाने क्षणभर गप्प झाली, ती मुले परस्परांची होतात. शाळेच्या कुटुंबाची वार्ता ती हीच. मात्र तिच्यातील एका शब्दापाशी मी नेहमी अडखळतो. तो शब्द म्हणजे ‘सर्व’. ‘सर्वांना कळविण्यात येते’ असे आपण लिहितो. खरोखर सर्वांना कळते काय?

ही शंका मला बालाघाटाने शिकविली. माझे बालपण तेथे, वैनगंगेच्या काठच्या त्या गावात गेले. हा जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या तीन जिल्ह्यांचे भाग एकत्र करून घडविण्यात आला. तेव्हा अनेक बोलींचा शेजार त्याच्या जन्मापासूनचाच आहे. आठवड्याच्या बाजारात भाजीच्या एका ओळीवरून चालत गेले, तर पोवारी, मराठी, हिंदी आणि गोंडी अशा चार बोली कानांवर पडतात. भाव मात्र सर्वांना समजतो. बाजाराची सूचना कोणालाही कळल्यावाचून राहत नाही, कारण ती सांगणाऱ्याला माल विकावयाचा असतो!

राज्यकारभाराच्या कागदांची कथा निराळी. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेश राज्याने १९५० साली कायदा करून हिंदी आणि मराठी या दोहोंना राजभाषा मानले होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि यवतमाळ हे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. वैनगंगा जागची हलली नाही, धानाची शेते हलली नाहीत, लेकीबाळींचे माहेरी येणेजाणेही थांबले नाही. सरकारी कागदावरील मराठी तेवढी निघून गेली.

आमच्या आजीचे शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठीतून झालेले. देवनागरी अक्षर ती झरझर वाची. आणि तेथेच घोटाळा होई. हिंदी आणि मराठी या सख्ख्या बहिणी, परंतु एकीने ठेवलेल्या डब्यात दुसरीला वेगळाच पदार्थ सापडावा, तशी कित्येक शब्दांची गत आहे. शाळेतून एकदा चिठ्ठी आली : ‘कल विद्यालय में अवकाश रहेगा।’ आजीने ती वाचली आणि निश्चिंतपणे म्हणाली, ‘उद्या घाई नाही. शाळेला अवकाश आहे.’ दुसऱ्या दिवशी तिने सावकाश डबा करून दिला, आणि आम्ही भावंडे कुलूप लावलेल्या फाटकावर जाऊन आलो. दुसऱ्या एका वेळी चिठ्ठीवर ‘शिक्षा समिति की बैठक’ असे शब्द होते. ते वाचून तिचा चेहरा उतरला. ‘कोणाले शिक्षा झाली रे?’ तिने मला हळूच विचारले. हिंदीतील शिक्षा म्हणजे विद्या, हे तिला समजावून सांगताना घरातील सर्व माणसे पोट धरून हसली. तीही हसली. परंतु त्यानंतर चिठ्ठी आली की ती स्वतः वाचीनाशी झाली. कागद माझ्या हाती देऊन ‘तूच सांग’ म्हणू लागली. वाचता येणाऱ्या माणसाने वाचणे सोडले, ही गोष्ट हसण्यासारखी नव्हती, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

आजीची अडचण निदान दोन बहिणींमधली होती. आज सूचनांचा प्रवास त्याहून लांबचा झाला आहे. गावोगावी खासगी शाळा निघाल्या आहेत, आणि त्यांतील कित्येकींची पत्रके इंग्रजीत असतात. सूचनावहीची जागा भ्रमणध्वनीवरील संदेशाने घेतली आहे. संदेश क्षणात शंभर घरी जातो, शंभर अंगठ्यांची चित्रे उमटतात, आणि पाठविणाऱ्याला वाटते, कळविण्यात आले. अंगठा हे एके काळी लिहिता न येणाऱ्याच्या सहीचे चिन्ह होते. आता तो वाचले असल्याची खूण झाला आहे. समजले असल्याची नव्हे.

गेल्या वर्षी हिवाळ्यात माझ्या भाच्याला शाळेतून आणण्यासाठी मी तेथील एका खासगी प्राथमिक व माध्यमिक शाळेच्या फाटकाशी उभा होतो. फलकावर पुढील दोन महिन्यांचे कार्यक्रम नेटकेपणाने लावलेले होते : प्रजासत्ताकदिन, क्रीडास्पर्धा, कान्ह्याच्या जंगलाची सहल, वार्षिक समारंभ, पालकसभा, नेत्रतपासणी. सर्व मजकूर इंग्रजीत. एक गृहस्थ धुतलेला सदरा घालून आत जाण्यासाठी थांबले होते. ते मँगनीजच्या खाणीवर कामाला असून त्यांनी त्या दिवसाची पाळी सोडली होती. त्यांच्या हातातील घडी केलेले पत्रक मी पाहिले. सभा आणि नेत्रतपासणी शनिवारी होऊन गेली होती; तो दिवस सोमवार होता. तपासणीसाठी पालकाची सही हवी होती. त्यांच्या दुसरीतील मुलीला फळा नीट दिसत नव्हता, आणि त्याचकरिता ते आले होते.

ते रागावले नाहीत. पत्रकाची पुन्हा घडी घालीत ते आपल्या बोलीत जे म्हणाले, त्याचा अर्थ असा : ‘कागद मिळाला होता, साहेब. निरोप मिळाला नाही.’

शाळेच्या बाजूने पाहिले तर काहीच चुकले नव्हते. पत्रक छापले होते, वेळेवर वाटले होते, ते घरी पोहोचलेही होते. तरी एका लहान मुलीच्या डोळ्यांपुढे फळा आणखी काही काळ अंधुकच राहणार होता. तिने आपला धडा चुकविला नव्हता. धड्याकडे जाणारी वाटच तिच्यापुरती पुसट झाली होती.

खासगी शाळेची सूचना ही त्या शाळेची खासगी बाब होय, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा काढली, तीही सरकारची नव्हती. परंतु तिची वार्ता पुढे साऱ्या शहराची झाली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला, तो या कार्यासाठीच. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या अक्षर आले नव्हते, त्या घरांतील मुली नुसता फलक लावून शाळेत आल्या नसत्या. आईबापांना समजेल अशा शब्दांत कोणीतरी बोलावले, तेव्हाच त्या आल्या असतील.

आज तर कायद्यानेही खासगी शाळेचे दार शेजारच्या वस्तीकडे उघडले आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या या कायद्यानुसार, अल्पसंख्याकांच्या संस्था वगळता, विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात, आणि आठवीपर्यंत त्यांना विनामूल्य शिकवावयाचे असते. म्हणजे अर्जाची शेवटची तारीख सांगणारी एक सूचना एखाद्या मुलाच्या आठ वर्षांच्या शिक्षणाची किल्ली असते. ती किल्ली फलकावर टांगलेली आहे; ती ज्याच्यासाठी आहे त्याला फलकावरील अक्षर लागत नाही. तारीख निघून जाते आणि हक्क कागदावर शाबूत राहतो!

यावर मोठे उपाय सुचविणारे पुष्कळ आहेत. ज्या १९५६ साली बालाघाटचा सरकारी कागद बदलला, त्याच साली संविधानात ३५०-क हा अनुच्छेद घालण्यात आला. भाषिक अल्पसंख्याक गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय व्हावी, असा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा शिकविण्याचे माध्यम असावी, असे म्हटले आहे. हे सर्व व्हावे. परंतु माध्यमे बदलण्यास वर्षे लागतात, आणि सूचना उद्याची असते. तेवढ्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

त्याच शाळेतील एका शिक्षिकेने मग जे केले, ते मला भाच्याकडून कळले. दिवसाची शेवटची घंटा होण्यापूर्वी पाच मिनिटे त्या सूचना हिंदीतून वाचतात. मग सातवीतील एक मुलगी तीच सूचना पोवारीत सांगते, आणि बैहरकडून आलेला एक मुलगा गोंडीत. लहान मुले ती घोकीत घरी जातात. पहिल्या आठवड्यात मुले खुसखुसून हसली, कारण घरची बोली शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात हसणे थांबले. पुढच्या पालकसभेला बाहेरून आणखी सतरंज्या आणाव्या लागल्या. नेत्रतपासणीचा दिवस पुन्हा ठरविण्यात आला, आणि त्या दुसरीतील मुलीला चष्मा मिळाला.

युनेस्कोने १९९९ साली २१ फेब्रुवारी हा मातृभाषादिन म्हणून जाहीर केला. मराठीचा गौरवदिन २७ फेब्रुवारीचा. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तिला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, याचा आपणां सर्वांना अभिमान आहे. या दिवशी आपण भाषणे करतो, ग्रंथदिंडी काढतो, ते योग्यच आहे. परंतु ज्या भाषेत जुन्या ग्रंथांचे वैभव आहे, तिच्यात शेजारच्या आईला उद्याची पालकसभा समजावून सांगण्याचे सामर्थ्यही असावे. आणि जी भाषा आपली नाही, परंतु त्या आईची आहे, तिच्याविषयी आपल्याला आदर असावा. भाषेचा मोठेपणा दोन्हीकडून मोजावा लागतो.

विद्यार्थिमित्रांनो, या वार्षिकाच्या पानांतही वर्षभरातील समारंभांचे वृत्तांत आणि येत्या वर्षाचे बेत तुम्ही वाचाल. ते वाचून अंक फडताळात ठेवू नका. संध्याकाळी देवाजवळ दिवा लागला, घरातली माणसे एकत्र बसली, म्हणजे त्यांतील एखादी बातमी आजीला, आईला, शेजारच्या काकूंना त्यांच्या शब्दांत सांगा. त्या काही विचारतील. बहुधा असे काही विचारतील, की जे सूचना लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आले नसेल. तो प्रश्न दुसऱ्या दिवशी शाळेत घेऊन या. शाळेने घरी निरोप धाडावा आणि घराने शाळेला उत्तर द्यावे, असे जाणेयेणे सुरू झाले, म्हणजे ‘सर्वांना कळविण्यात येते’ या वाक्यातील ‘सर्व’ हा शब्द हळूहळू खरा होऊ लागेल.