न कळलेल्या गोष्टीचे नाव

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या धर्मग्रामातील पाच-सहा मुले एका घराच्या ओटीवर रोज जमत. हातात वीस बाजूंचा फासा आणि तोंडी अद्‌भुत कथा. "फादर, दिवसभर जादूटोण्याच्याच गोष्टी चालतात हो," अशी एका मातेने तक्रार केली. मीही अधिक चौकशी न करता मिस्सानंतर तिच्या मुलाला चारचौघांत बोललो. पुढचे तीन रविवार तो वेदीसेवेला आला नाही.

अखेर मीच त्या ओटीवर जाऊन बसलो. खेळाचे नाव 'न्यूमेनेरा'. अमेरिकेतील माँटी कुक यांचा हा खेळ २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकाने कथा सांगायची, इतरांनी तिच्यातील पात्रे व्हायचे आणि बिकट प्रसंगी फाशाने निकाल द्यायचा. १९७४ सालच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासूनची ही रीत.

कथा घडते ती सुमारे १ अब्ज वर्षांनंतरच्या पृथ्वीवर. मधल्या काळात आठ थोर संस्कृती नांदल्या आणि लोपल्या. त्यांची यंत्रे जागोजागी पडून आहेत. ती घडविण्याची विद्या मात्र हरवली आहे. म्हणून सामान्य माणसे त्यांना जादू म्हणतात. अदृश्य सूक्ष्म यंत्रांकडून काम करून घेणारा 'नॅनो' त्यांना मांत्रिक भासतो.

"आणि धर्मगुरू?" मी विचारले.

"आहेत ना फादर, एऑन प्रीस्ट! त्यांचा अंबर पोपसुद्धा आहे," तो मुलगा प्रथमच हसला.

हे 'धर्मगुरू' देवाची उपासना चालवीत नाहीत. ते गतकाळाच्या विद्येचा शोध घेतात आणि एकेक यंत्र समजून घेऊन लोकांच्या उपयोगी आणतात. गावकरी ज्याला भितात, त्याच्याजवळ ते जाऊन बसतात.

मी खजील झालो. गुप्त शक्तींना वश करून इतरांवर सत्ता गाजवू पाहणे, हा जादूटोण्यातील दोष आम्ही शिकवितो, आणि तो दोषच आहे. परंतु या खेळात 'जादू' हे केवळ अज्ञानाचे दुसरे नाव आहे आणि त्यावरचा उपाय अभ्यास आहे. न कळलेल्या वस्तूला घाईने नाव ठेवणारा गावकरी त्या ओटीवर एकच होता, तो मी. सेमिनरीत इतकी वर्षे घालवूनही मला आधी विचारावेसे वाटले नव्हते.

पुढच्या रविवारी, जिथे बोललो होतो तिथेच, चारचौघांत मी त्या मुलाची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. त्यानंतरच्या रविवारी वेदीवरच्या मेणबत्त्या त्यानेच पेटविल्या.

पालकहो, मुलांचा खेळ बंद करण्यापूर्वी एक संध्याकाळ त्यांच्या ओटीवर बसा. फासा हाती आला, तर टाकूनही पाहा.