काढलेली गाठ जाते कुठे? घामग्रंथींच्या कर्करोगास अनावृत पत्र

घामाच्या ग्रंथींत वाढणाऱ्या कर्करोगा,

अहिल्यानगर जिल्ह्यात तुला नावाने ओळखणारी माणसं फार थोडी. पोटरीवर वाटाण्याएवढी लालसर गाठ आली तर इथे तिला चामखीळ म्हणतात, तळपायाला आली तर कुरूप. पाथर्डी-शेवगावकडचा ऊसतोड मजूर असो की अकोले तालुक्याच्या डोंगरात भात लावणारी बाई, न दुखणाऱ्या गाठीसाठी दिवसाची मजुरी कुणी बुडवत नाही. चपलेचा पट्टा घासून रक्त आलं की हळद दाबायची आणि कामाला लागायचं. अशी वर्षं जातात. मग कधीतरी ती गाठ भराभर वाढते, चिघळते, आणि तेव्हा कुठे तालुक्याच्या दवाखान्याची पायरी चढली जाते. यात त्या माणसांना दोष देणं मला मान्य नाही. साध्या गाठीत आणि तुझ्यात नुसत्या डोळ्यांनी फरक करणं मुरलेल्या त्वचारोगतज्ज्ञालाही अवघड जातं.

घाम गाळल्याने तू होतोस असं मात्र कुणी समजू नये; तसा पुरावा नाही. माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामग्रंथी असतात. त्यातल्या एखादीच्या पेशी बिघडल्या तर बहुतेकदा निरुपद्रवी गाठ होते, क्वचित तू होतोस. तुझ्या घराण्यातला त्यातल्या त्यात जास्त आढळणारा पोरोकार्सिनोमा घेतला, तरी त्वचेच्या दहा हजार कर्करोगांत तो जेमतेम एखादा. पिंकस आणि मेहरेगन यांनी त्याचं वर्णन १९६३ मध्ये केलं, आजचं नाव त्याला १९६९ मध्ये मिळालं. साठीपुढची माणसं आणि त्यांचे पाय ही त्याची नेहमीची जागा. वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या पोरोमाच्या साध्या गाठीतूनही तो डोकं वर काढतो.

तू सापडतोस तो काचपट्टीवर. गाठीचा तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीतून येतो, पॅराफिन मेणात बसवला जातो, त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात आणि त्यांना रंग चढतो: पेशींची केंद्रकं जांभळी, बाकीचं गुलाबी. सूक्ष्मदर्शकाखाली आधी नुसते पेशींचे लोंढे दिसतात, आणि प्रथमदर्शनी ते त्वचेच्या नेहमीच्या स्क्वॅमस कर्करोगासारखेच वाटतात. घाईत असलेला माणूस तेवढंच लिहून मोकळा होईल. थांबून, भिंग वाढवून बघणाऱ्याला एखाद्या कोपऱ्यात बारीकसं गोल छिद्र दिसतं, आतून गुलाबी अस्तर असलेलं. ती घामाची नळी. तुझी खूण तीच. मग सीईए आणि ईएमए या चाचण्या लावून ती पक्की करायची. २०१९ मध्ये वायएपी१ आणि एनयूटीएम१ या जनुकांच्या जोडणीचा शोध लागला. तेव्हापासून मोठ्या प्रयोगशाळांत एनयूटीचा रंग लावूनही पोरोकार्सिनोमाला पुष्कळदा पकडता येतं.

तुझं सर्वांत अवघड सोंग वेगळंच आहे. एखाद्या बाईच्या काखेत किंवा छातीच्या कातडीत गाठ आली, काचपट्टीवर ग्रंथींचा कर्करोग दिसला, तर तो तू की स्तनाच्या कर्करोगाची त्वचेत उतरलेली फांदी? दोघांची ठेवण इतकी जुळते की नुसत्या रंगावर विसंबता येत नाही. पी६३ आणि डी२-४० या चाचण्यांचे रंग बहुधा तुझ्यात उमटतात, पसरून आलेल्या कर्करोगात बहुधा नाही. दोन्ही ठिकाणी हे ‘बहुधा’ सुटत नाही, म्हणून बाईची स्तनतपासणी आणि स्कॅन केल्यावाचून अहवालावर सही करू नये, असं माझं ठाम मत आहे. इथे निदान चुकलं तर सगळे उपचारच चुकतात.

तुझा आणखी एक भाऊबंद, १९८२ मध्ये वर्णन झालेला मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा, ओठाच्या वर किंवा बाजूला बसतो. वरवर खरवडून काढलेल्या तुकड्यात तो सिरिंगोमा या साध्या गाठीसारखा दिसतो. त्याचं खरं रूप खोल, मज्जातंतूंभोवती पसरलेलं असतं. म्हणून संशय आला तर तुकडा खोलवर घ्यायला हवा, खालच्या चरबीपर्यंत.

कातडीकडे असं नीट बघण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी धोतर घट्ट नेसल्याने कमरेला काचून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद १९४५ मध्ये केली. तो तुझ्या कुळातला नव्हे. पण त्यांच्याही पुढ्यात तपासायला तुकडा होता, आणि माझं सगळं म्हणणं तिथेच येऊन ठेपतं.

आमच्याकडे छोट्या दवाखान्यात जागा बधिर करून गाठ काढतात, दोन टाके घालतात. गाठ ट्रेमध्ये पडते. पेशंट विचारतो, “डॉक्टर, साधीच आहे ना? मग कशाला तपासायची?” तपासणीचे पैसे, नगरची फेरी, आठ दिवसांची वाट. डॉक्टरही फार ताणत नाहीत आणि गाठ पिवळ्या पिशवीत जाते. सहा महिन्यांनी त्याच जागी तू पुन्हा उगवतोस, कधी जांघेतल्या गाठी सोबत घेऊन, आणि पहिलं काय होतं ते सांगायला काहीच शिल्लक नसतं. याचा मला फार राग येतो. लोणीला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे, विळद घाटात दुसरं आहे. बाटली तिथवर पोहोचवणं या जिल्ह्याला अशक्य नाही.

बाटलीत गाठीच्या दहापट फॉर्मलिन हवं. सोबतच्या कागदावर ‘स्वेलिंग’ एवढा एकच शब्द नको. कुठे आली, किती वर्षांपासून, हल्ली वाढली का, आधी काढली होती का, स्तनाचा किंवा पोटाचा आजार झाला होता का, हे लिहिलेलं हवं. अहवालात तुझं नाव आलं तर कडा मोकळ्या सुटेपर्यंत पुन्हा कापावं लागतं, जवळच्या लसीकाग्रंथी तपासाव्या लागतात. पोरोकार्सिनोमा पाचातल्या एखाद्यात पुन्हा उगवतो, म्हणून पुढची काही वर्षं तपासणीला यावंच लागतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगाचे उपचार घ्यायचे तरी आधी हा अहवालच लागतो. आणि शंका उरली तर मेणाचा तो ठोकळा लॅबकडून मागून घेऊन टाटाला दाखवता येतो. तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्याच्यातून आणखी काप काढून नव्या चाचण्या लावता येतात.