न जुळणाऱ्या सुरांचा संगीतपट

हॉलिवूडच्या संगीतपटांचा विषय निघाला की 'सिंगिंग इन द रेन'चे (१९५२) नाव आधी येते आणि बहुधा चर्चाही तिथेच संपते. त्याच चित्रपटाचे दिग्दर्शक जीन केली व स्टॅन्ली डोनेन आणि तेच पटकथाकार बेटी कॉम्डेन व अडॉल्फ ग्रीन यांचा १९५५ सालचा 'इट्स ऑल्वेज फेअर वेदर' मात्र जाणकारांच्या यादीतही क्वचितच आढळतो. प्रदर्शनाच्या वेळी त्याने निर्मात्यांना तोटाच दिला आणि केली-डोनेन यांचे संयुक्त दिग्दर्शनही त्याच्यापाशीच थांबले. तरीही या सुखात्मिकेत संगीतपटाने स्वतःच्याच श्रद्धेची परीक्षा घेतली आहे, असे आम्हांस वाटते.

'ऑन द टाउन' (१९४९) मध्ये याच चमूने तीन खलाशांना न्यूयॉर्कमध्ये चोवीस तास मनसोक्त बागडू दिले होते. इथे तीन सैनिक १९४५ मध्ये युद्धावरून परततात, डॉलरच्या एका नोटेचे तीन तुकडे करून वाटून घेतात आणि दहा वर्षांनी त्याच मद्यगृहात भेटण्याचे वचन देतात. वचन पाळले जाते, तिघेही येतात. पण वकील होऊ पाहणारा टेड (केली) जुगाराच्या आणि मुष्टियुद्धाच्या दुनियेत रुतलेला असतो, चित्रकार होऊ पाहणारा डग (डॅन डेली) जाहिरातीच्या धंद्यात, आणि मोठा पाककलानिपुण होऊ पाहणारा अँजी (मायकेल किड) हॅम्बर्गरचे दुकान चालवीत असतो. काही वेळातच तिघांच्याही ध्यानात येते की, आपल्याला एकमेकांचा सहवास नकोसा झाला आहे.

संगीत नाटकावर पोसलेल्या आमच्या मनाला पात्राने मध्येच गाऊ लागण्याचे नवल नाही. गाणे म्हणजे मनीचे गुज उघड करण्याची रीत, हे आम्ही धरूनच चालतो. या चित्रपटातील भोजनगृहाच्या प्रसंगात नेमके उलट घडते. योहान स्ट्राउसच्या 'ब्लू डॅन्यूब'च्या चालीवर तिघेही गातात, पण मनातल्या मनात. आणि प्रत्येकाचे म्हणणे एकच, की आपण यायलाच नको होते. तिघांचा सूर एक आहे, पण तो एकमेकांना ऐकू जात नाही.

काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील आम्ही चौघे दीर्घ काळाने एकत्र जेवायला बसलो होतो. बढत्या, सदनिका, मुलांचे प्रवेश हे विषय आमटी निवण्यापूर्वीच संपले. मग प्रत्येक जण खाणावळीचे तेच ते किस्से नव्या उत्साहाचा आव आणून सांगू लागला. वैर कुणाचेच नव्हते. सामायिक असे काही उरले नव्हते, इतकेच. ललित साहित्यात मैत्रीच्या विश्वासघाताचे चित्रण विपुल आहे. तिच्या अशा निमूट विरून जाण्याचे विरळा.

हे विरणे दाखविण्याची युक्तीही लक्षणीय आहे. दूरचित्रवाणीला तोंड देण्यासाठी हॉलिवूडने १९५३ मध्ये सिनेमास्कोपचा रुंद पडदा आणला. त्या रुंदीतून भव्यता दिसावी, ही अपेक्षा. इथे एका नृत्यात पडद्याचे तीन भाग केले आहेत; तीन मित्र तीन ठिकाणी, पण एकाच तालावर नाचतात. कचऱ्याच्या डब्यांची झाकणे पायांत अडकवून हेच तिघे आरंभी रस्त्यावर नाचलेले असतात. तेव्हा पडदा त्यांनी एकत्र भरून टाकलेला असतो; आता तीच रुंदी त्यांच्यामधले अंतर मोजते.

डगच्या वाट्याला आलेले विडंबन भाषेच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावे. कोणत्याही शब्दामागे 'वाइज' हा प्रत्यय लावण्याची जाहिरातवाल्यांची खोड तो मद्याच्या अमलाखाली एका मेजवानीत सोलून काढतो. आमच्या परिपत्रकांतील 'अनुषंगाने' आणि 'दृष्ट्या' यांची आठवण न होणे अशक्य. त्यानंतर चाकांचे बूट पायांत असल्याचे विसरून टेड भर रस्त्यात येतो आणि त्याच बुटांवर टॅप नृत्य करतो. एका स्त्रीला आपण आवडतो, तेव्हा आपण अगदीच वाया गेलेले नसू, हा त्या नृत्याचा आशय. दहा वर्षे स्वतःला टाळणाऱ्या माणसाचा तो आनंद असल्यामुळे कौशल्याने थक्क झालेला प्रेक्षक हलतोही.

दोष नाहीत असे नाही. गुंडांचे उपकथानक ओढूनताणून आणलेले आहे, आणि दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमातील हाणामारीने तिघांना पुन्हा जोडणे ही सोयीची पळवाट आहे. परंतु शेवट या पळवाटेला पुरून उरतो. तिघे मित्र म्हणून निरोप घेतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. या वेळी मात्र पुढच्या भेटीची तारीख ठरत नाही. पहिल्या निरोपात भविष्यावर विश्वास होता. या निरोपात एकमेकांकडून काहीच मागणे नाही. आम्हांला ही दुसरी मैत्री अधिक प्रौढ वाटते.