पडण्याची तयारी

यंत्र विकतांना विक्रेता तें किती धांवतें हें सांगतो. तें कसें पडतें हें सांगण्याची चाल अद्याप पडलेली नाहीं. ज्यास सूरजागडच्या वाटेनें मोटारसायकल न्यावयाची आहे त्यानें मात्र दुसरीच गोष्ट आधीं विचारावी. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांतील ह्या डोंगरांतून २०१६ सालीं लोहखनिज निघूं लागलें. मध्यंतरीं थांबलेलें काम २०२१ सालीं पुन्हां सुरू झालें. खनिजाचा ट्रक समोरून आला कीं दुचाकीनें कडेच्या मुरमांत उतरावें हा तेथील अलिखित कायदा, आणि पावसाळ्यांत तो मुरूम म्हणजे तांबडा राडा.

डांबर व रान या दोहोंवर चालणाऱ्या दुचाक्या हल्लीं मिळतात. रॉयल एन्फील्डची हिमालयन २०१६ सालीं आली, हिरोची एक्सपल्स २०१९ सालीं. आमची गाडी याच जातीची. तिचें वजन सुमारें २०० किलो, आमचें वय पन्नाशीच्या पुढें. अशी उंच गाडी धांवतांना पडते त्याहून थांबतांनाच अधिक पडते. पडल्यावर इंजिनाचें बाजूचें ओतीव ॲल्युमिनियमचें झांकण दगडावर आपटून त्यास भेग गेली, कीं आंतलें तेल वाहून जातें, आणि मग आलापल्लीपर्यंत ती ट्रॅक्टरांत घालून आणण्यावांचून गति नाहीं.

स्लायडर हा त्यावरचा तोडगा. इंजिन ज्या बोल्टांनीं सांगाड्यास जखडलेलें असतें त्यांपैकीं एक काढून तेथें लांब बोल्ट घालावयाचा व त्यावर मुठीएवढा कठीण प्लॅस्टिकचा ठोकळा बसवावयाचा. गाडी आडवी झाली म्हणजे ठोकळा घसरतो, झिजतो व झांकण वांचवितो. जेथें डोंगरच लोखंडाचे, तेथें लोखंडाचें रक्षण प्लॅस्टिकनें! (जुन्या चांदा जिल्ह्यांतील लोहाऱ्याच्या खनिजावरील १८८२ चा अहवाल वाचूनच जमशेटजी टाटांच्या मनांत पोलादाचा कारखाना भरला, वरोऱ्याचा कोळसा त्या कामास उतरला नाहीं, म्हणून चांद्याचें भाग्य दुसरीकडे गेलें.)

पण स्लायडराचा हा गुण डांबरावरचा. चिखलांत तो घसरत नाहीं, रुततो. दगडास अडला तर सारा धक्का एकाच बोल्टावाटे सांगाड्यास पोंचतो, बोल्ट वांकतो, क्वचित् इंजिनाचा कानही तुटतो. लोखंडी नळ्यांचा गार्ड अनेक ठिकाणीं जखडलेला असल्यानें धक्का वांटून घेतो. आमच्या मतें रानांतल्या गाडीस गार्डच हवा, व स्लायडर लावावयाचा तर त्या गार्डाच्या नळीवर. आम्ही तसेंच केलें.

“सर, जॅक लावल्याशिवाय बोल्टाला हात लावू नका,” असें चंद्रपुरास मिस्त्रीनें बजावलें, तें खरेंच होतें. इंजिनास खालून आधार नसला तर तें केसभर खालीं बसतें आणि नवा बोल्ट भोंकांत शिरत नाहीं. एका वेळीं एकच बाजू घ्यावी. आंवळावें तें मनगटाच्या अंदाजानें नव्हे, मापाच्या टॉर्क पान्यानें. अति आंवळलेला बोल्ट ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो.

हा सर्व खटाटोप पाहून घरांतून प्रश्न आला, “अहो, गाडीच्या गुडघ्याला बांधलंत, तुमच्या गुडघ्याचं काय?” प्रश्न बिनतोड होता. गुडघ्यांचीं कवचें व घोट्यावर येणारे बूट त्याच आठवड्यांत घरीं आले.

हेडरीच्या अलीकडे ट्रकास वाट देतांना गाडी डावीकडे निजली. नळी चिखलांत टेकली, झांकणास ओरखडाही नाहीं. क्लचची दांडी तेवढी वांकली. मागून आलेल्या एका माडिया तरुणानें ती उचलूं लागली. त्याच्या १०० सीसीच्या गाडीवर बायको, मूल व तांदळाचें पोतें; गार्ड नाहीं, शिरस्त्राण नाहीं. त्यानें ठोकळ्यावर नख घासून पाहिलें, किंमत विचारली, आणि ती ऐकून बायकोकडे वळून माडियांत कांहीं सांगितलें. दोघेंही हसलीं. तोंवर पुढला ट्रक आला व तो पोत्यासकट पुन्हां मुरमांत उतरला.

एटापल्लीस पोंचल्यावर आम्ही बोल्टांस पाना लावून पाहिला. डावीकडचा पाव फेरा फिरला.