डाव्या हाताची गोष्ट

आमच्या घरात पियानो आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या चपलांकडे. साहजिकच आहे. सरकारी खात्यातला यूडीसी, फोंड्याहून रोज कदंबाच्या बसने पणजी गाठणारा, गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या भजनी बापाचा मुलगा. ह्याच्या घरी पेटी असावी, फार तर ऑर्गन. पियानो कशाला?

तर झालं असं. २०१७ साली ऑफिसातल्या एका मित्राबरोबर सासष्टीतल्या एका जुन्या घरी गेलो होतो. घर आवरायला काढलं होतं. म्हातारी आंटी मुलाकडे परदेशी निघाली होती. सालात भिंतीला टेकून उभा पियानो, वर पितळी मेणबत्तीदाणी, पांढऱ्या पट्ट्या हळदीच्या रंगाच्या झालेल्या. मी सहज एक पट्टी दाबली. आवाज उठला आणि विरत विरत कितीतरी वेळ राहिला. पेटीचा सूर भाता थांबला की तुटतो. हा तुटत नव्हता, मावळत होता. आंटीने सांगितलेली रक्कम मी महिन्याच्या हप्त्यांनी फेडली. निघताना ती म्हणाली, "तें वाद्य न्हय रे, घरचो मनीस." ह्या घरच्या माणसाला टेंपोतून उतरवायला सहा जण लागले. आत लोखंडी चौकट, तिच्यावर सव्वादोनशेच्या आसपास तारा, आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टन! बायको म्हणाली, "जमीन खचली तर?"

बाबा काहीच म्हणाले नाहीत. गावच्या देवळात त्यांनी जन्मभर भजनाला पेटीची साथ केली. पेटीसुद्धा कारागिराकडून स्वर घासून आपल्या कानाला लावून घेतलेली. पियानोचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले, त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. बाबांनी तो पहिल्याच दिवशी पकडला. "गंधार चडलो," एवढं बोलून ते बाहेर पडवीत जाऊन बसले.

ऑफिस सुटल्यावर मी पणजीत एका बाईंकडे शिकायला जाऊ लागलो. वय एकेचाळीस, शेजारच्या स्टुलावर आठ वर्षांची मुलगी. बाईंनी हॅननचं पुस्तक पुढे ठेवलं. १८७३ साली निघालेले हे बोटांचे व्यायाम अजून जगभर विद्यार्थ्यांचा घाम काढतात. माझा उजवा हात बरा चालायचा, लहानपणी पेटीवर फिरलेला. डावा मात्र ठार अडाणी! पेटीवाल्याचा डावा हात म्हणजे भाता. पियानोत दोन्ही हातांनी वेगवेगळं बोलायचं असतं, आणि माझा डावा उजव्याचीच नक्कल करायला धावायचा. रात्री साडेनऊनंतर मधलं पेडल दाबून, आवाज दबका करून, रोज अर्धा तास. गोव्याच्या पावसाची कटकट वेगळीच. दमटपणाने लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, तारा गंजतात, फेल्टला कसर लागते. म्हणून आत डांबरगोळ्या आणि पावसाळाभर खालच्या खणात एक पिवळा बल्ब पेटता. आता तो बल्बही सहजी मिळत नाही. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही.

२०२१ मध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सावरलं, पण उजवा हात गेला. पेटी खोलीत झाकून ठेवली. एकदा माझ्या मुलाने भाता मारून बघितला, बाबा डाव्या हाताने पट्ट्या शोधत होते. पण त्यांना स्वर लांबवायचा असे तेव्हा ह्याची हवा संपे. दुसऱ्याच्या श्वासावर कसं गायचं? बाबांनी पेटी ढकलली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढे श्रावणात एकदा ऑफिसातून आलो तर पियानोचा आवाज. मुलगा असेल म्हणून डोकावलो. स्टुलावर बाबा! उजवा हात मांडीवर, डाव्याचं एक बोट काळ्या पट्ट्यांवर. काळी तीनला सा धरला की भूपाचे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवरच पडतात, पांढरीला बोट लावावं लागत नाही. सा, रे, ग. थांबले. पुन्हा सा. इथे भाता नव्हता, कुणाची हवा लागत नव्हती. मी दाराशी उभाच राहिलो. त्यांना मी दिसलो असणार, कारण मागे न बघताच म्हणाले, "ह्या हातान जल्मभर वारोच घालो."

चमत्कार वगैरे काही झाला नाही. बाबांना अजून पूर्ण अभंग वाजवता येत नाही, चार ओळींत बोटं दमतात. गंधाराची तक्रार अजून आहेच. पण संध्याकाळची वेळ त्यांची, रात्रीची माझी. दोघांचाही डावा हात पहिलीतच आहे. कधी कधी ते खालच्या बाजूला बसून नुसता सा आणि पंचम धरतात आणि मी वर उजव्या हाताने भजनाची चाल वाजवतो. बाईंनी ऐकलं तर हॅनन विसरलास म्हणून ओरडतील.

चवथ जवळ आली आहे. बाबा म्हणतात, आरतीला पियानो नको, झांजांपुढे कोण ऐकणार? आरती झाल्यावर बघू. त्याआधी ट्यूनरला बोलवायला हवं. पावसाने काळी तीन जरा चढली आहे. हेही बाबांनीच सांगितलं.